खाणीतून उपसलेले पाणी

हे लिहायला बसताना मला संकोच वाटतो, तो आधीच सांगून टाकते. मी आयुष्यभर अमरावतीच्या एका महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवले. फळ्यावर खडकांचे थर काढले, मुलांच्या हातात दगड देऊन त्यांची नावे वदवून घेतली, आणि वेळ झाली तशी निवृत्त झाले. उत्तरपत्रिकांवरचे शेरे सोडले तर मराठीत मी काही लिहिलेले नाही. ज्यांना भाषा वश आहे अशी माणसे आपल्याकडे पुष्कळ असताना त्यांच्या पंगतीत मी पाट मांडावा हे मलाच धिटाईचे वाटते. वाचकांनी ती सोसून घ्यावी एवढी विनंती. माझ्या मामांनी मला एक प्रश्न विचारला होता. मामा आता नाहीत. उत्तर मला तेव्हा सुचले नव्हते आणि अजूनही सुचलेले नाही. तो प्रश्न एकटीने सांभाळणे अलीकडे जड जाऊ लागले आहे.

मामांची अकोल्याच्या सराफ्यात लहानशी पेढी होती. शाळेच्या सुट्टीत मी बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला जात असे आणि पेढीवरच्या पांढऱ्या गादीच्या कडेला बसून लोकांची खरेदी पाहत असे. लग्नसराईत खेड्यांतून अख्खी कुटुंबे येत. नवरी मुलगी खाली मान घालून बसे आणि तिची आत्या गळ्यातल्या एकदाणीवरून तिच्या वतीने भांडे. "दादा, हे एकदाणी फुसकी दिसून राह्यली. जरा भरीव दाखवा, पोरगी काही हलकी नाही आमची." मामा हसून दुसरी डबी उघडत. कसोटीवर रेघ ओढण्याआधीच त्यांना सोन्याचा कस कळत असावा असे मला वाटे. रेघ ते गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी ओढत.

मी नोकरीला लागून बरीच वर्षे झाल्यावर त्या पेढीवरची रहदारी उलटी झाली. कपाशी सलग बुडत होती. पाऊस एका वर्षी येत नव्हता आणि दुसऱ्या वर्षी नको तेव्हा येत होता. बोंडात अळी होती आणि बाजारात भाव नव्हता. वर्तमानपत्रांत आमच्या जिल्ह्यांची नावे ज्या बातम्यांसाठी येऊ लागली त्या मी इथे पुन्हा सांगत नाही. मामांच्या पेढीवर ते सगळे एकाच रूपात पोहोचत असे: लोक येत ते विकायला. बाई रस्त्याकडे पाठ करून उभी राही, पदराआड हात नेऊन पोत काढी, आणि तेवढा वेळ मामा तोंड वळवून तराजूची पारडी पुसत बसत. पारडी स्वच्छच असत. सोन्याच्या वाट्या ठेवून घ्यायच्या आणि काळे मणी परत द्यायचे, अशी रीत होती. ते मणी पदराच्या टोकाला बांधून बाई निघून जाई. मग मागच्या खोलीतल्या मुशीत सगळे वितळून एक होई, कोणाच्या वाट्या, कोणाची एकदाणी, कोणाच्या बाळाची अंगठी.

अशाच दिवसांत एकदा मी अकोल्याला गेले असताना जेवताना मामा म्हणाले, "बाई, मी जल्मभर सोनं पाह्यलं. पन जे पाह्यलं ते कोनाच्या तरी गळ्यातून उतरलेलं. आता मुशीकडं पाहावत नाही. एकदा तरी मले असं सोनं पाहाचं हाये, जे अजून कोनाच्या अंगावर चढलंच नाही."

"म्हनून हे खान घेऊन राह्यले," मामी वाढता वाढता मला म्हणाली. "तेबी पान्यानं भरलेली. घरच्या नळाले आठवड्यातून एकदा पानी येते, ते भराले हे कधी उठत नाही. अन् तिकडं जमिनीतलं उपसाले चालले."

"नळाचं पानी सोनं देत नाही," मामा म्हणाले.

"खानीचं देते का?"

"उपसलं का देते."

"मंग उपसा," मामी म्हणाली, "पन आधी भात खा."

मला वाटले थट्टा आहे. ती थट्टा नव्हती. अकोल्याचे काही सराफ, अमरावतीचा एक जिनिंगवाला आणि मामा यांनी मिळून एक छोटी कंपनी काढली होती. तिचे कार्यालय म्हणजे मामांच्या पेढीवरची माडी, एक टेबल आणि भिंतीवर एक नकाशा. नागपूरच्या पुढे पूर्वेला, जिथे आपली काळी माती संपून तांबडी लागते, तिथल्या जंगलाच्या कडेला सोन्याची एक जुनी खाण होती. इंग्रजांच्या काळात कोणीतरी ती खोदली, थोडे सोने काढले, आणि पाण्याला कंटाळून सोडून दिली. तेव्हापासून ती बुडालेली होती. जमिनीत सरळ उतरणारा एक चौकोनी खड्डा, आणि त्यातून वेगवेगळ्या खोलीवर आडवे फुटणारे बोगदे, अशी तिची रचना. मामा त्या बोगद्यांना मजले म्हणत. वरून पहिला मजला, त्याखाली दुसरा, सर्वांत खाली तिसरा. "माही माडी उलटी हाये," ते सांगत. "पाहुना जितका मोठा, तितका खाली न्याचा."

हे पाहुणे मुंबईचे होते. एक मोठी कंपनी भागीदार व्हायला तयार होती. तिची अट एकच होती. पावसाळा लागण्याआधी तिसरा मजला कोरडा करून दाखवा, आमचे इंजिनीअर खाली उतरून सोन्याची शीर डोळ्यांनी पाहतील, मग बोलू. सरकारी परवान्याची मुदतही त्याच पावसाळ्यात संपत होती. म्हणजे एका उन्हाळ्यात पाणी उपसायचे होते, नाहीतर कंपनी संपली.

भूगर्भशास्त्राची बाई म्हणून मामांनी माझे मत विचारले. मी म्हणाले, "मामा, आपल्या वऱ्हाडच्या काळ्या खडकात सोने नसते. तिकडचा खडक जुना आहे, तिथे असू शकते. पण पाणी किती येईल ते सांगता येत नाही."

"पानी उपसनं आपल्या मानसाले येते," मामा म्हणाले. "सोनं असते का ते तू सांगतलं. झालं."

पाणी उपसायला त्यांनी आपल्याकडचीच माणसे नेली. तिवसा तालुक्यात विहिरींचा गाळ काढणारी एक टोळी होती. तिच्या म्होरक्याला सगळे भाऊ म्हणत, मीही तेच म्हणते. भाऊंची संत्र्याची बाग होती. आधी विहीर आटली, मग बोअर आटला, मग झाडे शेंड्याकडून वाळत खाली आली, आणि शेवटी त्यांनी स्वतः कुऱ्हाड घेऊन ती तोडली. पंपांसाठी अचलपूरहून एक मिस्त्री आले. पिढ्यान्‌पिढ्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करणारे हे मुसलमान गृहस्थ भाऊंच्या वयाचे होते आणि टोळीतले सगळे त्यांना चाचा म्हणत. एप्रिलच्या उन्हात ट्रकवर पंप, पाइप आणि जनरेटर चढले, आणि माणसे बडनेऱ्याहून रेल्वेने पुढे गेली.

परीक्षा आटोपून मी गेले तेव्हा काम चांगलेच चालू झालेले होते. पण मला आधी खाण दिसली नाही. दिसला तो तलाव.

खड्ड्याच्या मागे जमीन बशीसारखी खोलगट होती. तिच्या उघड्या तोंडाशी दगडमातीचा सुबक बांध घातलेला होता आणि आत निळसर, स्वच्छ पाणी उभे होते. मे महिन्यात आमच्या डोळ्यांना इतके पाणी पाहायची सवय राहिली नव्हती. काठाला म्हशी बसल्या होत्या. बांधाच्या खालच्या अंगाला शेजारच्या पाड्यातल्या बायांनी वाफे केले होते. त्यांत वांगी आणि भेंडी वीतभर आली होती. पाट इतके रेखीव होते की ते भाऊंच्या हातचे का हे विचारावे लागले नाही.

तलावाची हकीकत मामांनी उत्साहाने सांगितली. ठरल्याप्रमाणे पंपाचे पाणी लांब पाइपाने दूरच्या नाल्यात सोडायचे होते. पहिले काही दिवस तसे सोडलेही. नाल्याच्या रेतीत ते जिरून जाई. भाऊ आणि त्यांची टोळी ते पाहत उभी राही. आमच्याकडे विहीर उपसली की ते पाणी शेताच्या हद्दीवरच्या धुऱ्यापलीकडे, कोणाच्यातरी पिकाला देतात. ते नुसते वाहू देणे अपशकुनाचे मानतात. सुट्टीच्या दिवशी टोळीने कोणी न सांगता बांध घातला आणि पाइप तिकडे वळवला. मामांना कळले तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी नारळ आणला.

"शेठले पानी दाखवा अन् नारळ फोडून घ्या," चाचा मला म्हणाले. "बेटी, सोन्याच्या खानीत पहिला नारळ पान्याले फुटला. असं कुठं पाह्यलं का तुमच्या पुस्तकात?"

"चाचा, तुमी पंपाकडं पाहा," भाऊ म्हणाले. "त्याले उर्दूत सांगा जरा. मराठी समजत नाही वाटते त्याले."

"तो अमरावतीचा हाये, भाऊ. त्याले फक्त शिव्या समजते. अन् त्या तुमच्याकडूनच शिकला."

त्या हसण्यात एक काळजी होती, आणि ती मला दोन-तीन दिवसांत कळली. पाणी सुरुवातीला झपाट्याने उतरले होते. पहिला मजला उघडा पडला, दुसऱ्याच्या तोंडाची कमान दिसू लागली, आणि तिथे ते थांबले. चाचांनी पंप बाहेर काढून उघडला, साफ केला, परत सोडला. दुसरा पंप जोडला. जनरेटर अखंड चालत होता, पाइप फुरफुरत होता, आणि खड्ड्यातली पाण्याची रेघ जागची हलत नव्हती. मामा सकाळी चहाच्या आधी तिथे जाऊन उभे राहत. पेढीवर बसणारा गोरा माणूस उन्हाने रापून अनोळखी झाला होता.

पाणी मी महाविद्यालयातून आणलेल्या साहित्याने तपासले. गुरांना आणि भाज्यांना चालण्यासारखे होते. हे ऐकून भाऊंना फार बरे वाटले. संध्याकाळी आम्ही बांधावर बसत असू. भाऊ बांधावर हात ठेवून म्हणत, "पाहा ताई, इतकं पानी येऊन राह्यलं, पन बांध भरून सांडत नाही. जेवढं येते तेवढं सांभाळते. असा बांध माह्या शेतात असता तं मी कायले आलो असतो इथं?" मीही मान डोलावली. पाणी सांभाळणारा बांध ही आमच्याकडे कौतुकाचीच गोष्ट आहे.

मग एके दिवशी मी खाली उतरले. त्या टोळीची एक पद्धत होती: विहिरीत पायताण घालून उतरायचे नाही. खाणीलाही त्यांनी तोच नियम लावला होता. तोंडाशी चपलांची रांग लागलेली असे. मी माझे बूट त्या रांगेत ठेवले आणि अनवाणी शिडीने पहिल्या मजल्यावर गेले. बोगदा अरुंद आणि ओला होता. पुढे भाऊ दिवा धरून होते. दगडाच्या फटींतून पाणी गळत होते, आणि सवयीने मी भिंतीला हात लावला.

पाणी कोमट होते.

मी पुढे गेले, दुसऱ्या फटीला हात लावला. तिथेही तसेच. बोगद्याच्या विरुद्ध अंगाला, खाणीच्या दुसऱ्या बाजूला गेले; तिथले पाणी गार होते, जमिनीच्या पोटातले असावे तसे. कोमट पाणी फक्त तलावाच्या बाजूने येत होते. जमिनीखाली इतक्या खोलीवर ऊन पोहोचत नाही. हे पाणी ऊन खाऊन आलेले होते.

वर आल्यावर मी ती खोलगट जागा नव्या नजरेने पाहिली. ती निसर्गाने केलेली बशी नव्हती. जुन्या लोकांनी खालून शीर पोखरून काढली, पोकळीवरची जमीन हळूहळू खचली, आणि वर बशी झाली. म्हणूनच तिथे बांध घालणे इतके सोपे गेले. आणि म्हणूनच तलाव भरून सांडत नव्हता. आम्ही खाणीतून पाणी वर काढत होतो, तलावात साठवत होतो, आणि तलाव ते तितक्याच निष्ठेने खाणीत परत सोडत होता. सगळा उन्हाळा तेच पाणी फिरत होते.

मी मामांना बाजूला नेऊन सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "बांध दुसरीकडं घातला तं?"

"खाली वनखात्याची जमीन आहे, मामा. परवानगी मिळेपर्यंत पावसाळा येईल. पाणी पुन्हा नाल्यातच सोडावे लागेल."

"म्हंजे रेतीत."

"हो."

"अन् बांध ठेवला तं?"

"पाइप वळवला तरी साठलेले पाणी खाणीतच गळत राहील. पाहुणे येईपर्यंत तिसरा मजला उघडणार नाही."

मामा तिथेच दगडावर बसले. मुंबईचे पाहुणे पुढच्या आठवड्यात यायचे होते. पश्चिमेला रोज दुपारी ढग जमून विरत होते. मग ते उठले आणि भाऊंना जाऊन सगळे सांगितले, कोणताही दोष न देता, जसे मी त्यांना सांगितले होते तसे. टोळीतले सगळे गोळा झाले. चाचा हात पुसत आले. पाड्यातल्या दोन-तीन बायाही काहीतरी बिनसले आहे हे ओळखून वाफ्यांतून वर आल्या.

भाऊ खाली बघत होते. "शेठ, दुसरं काहीबी सांगा," ते म्हणाले. "म्या माह्या हातानं माह्या संत्र्यावर कुऱ्हाड चालवली. पन ते झाड वाळलं होतं. हे पानी जितं हाये. जित्या पान्यावर मी कुदळ मारत नाही."

"भाऊ, तुमीच घातला बांध."

"म्हनूनच."

बायांतली एक म्हातारी म्हणाली, "शेठ, वांग्याले फूल धरलं हाये. थोडं थांबता येत नाही का?"

मामांनी एकदा वाफ्यांकडे पाहिले. ते भाऊंना म्हणाले, "मंग मी फोडतो. तुमी फक्त म्हशी बाजूले घ्या."

आयुष्यात चिमट्याहून जड काही न उचललेल्या माणसाने कुदळ घेतली. त्यांना ती नीट धरताही येत नव्हती. पहिले काही घाव नुसते मातीवर घसरले. बांध पक्का होता. थोड्या वेळाने चाचा दुसरी कुदळ घेऊन त्यांच्या शेजारी आले. भाऊंनी म्हशी हाकलून पलीकडे नेल्या आणि तिकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. बांधाला खाच पडली तेव्हा पाणी आधी बोटभर धारेने आले, मग मातीचा मोठा तुकडा निसटला आणि सगळे एकदम सुटले. ते थेट वाफ्यांवरून गेले. ज्या पाण्यावर ती वांगी वाढली त्याच पाण्याने त्यांना मुळांसकट उपटले. म्हातारी आपल्या वाफ्याकडे धावली नाही. ती उभी राहून पाहत होती, आणि मग लुगड्याचा ओचा खोचून घरी गेली. दुपार कलेपर्यंत तलावाच्या जागी चिखल होता आणि त्यात म्हशी गोंधळून उभ्या होत्या.

खाणीतल्या पाण्याने लगेच खाली सरकायला सुरुवात केली. पाइप पुन्हा दूरच्या नाल्याकडे वळवला होता. दुसरा मजला उघडला, मग दोन मजल्यांमधली जुनी, कुजलेली लाकडी शिडी दिसली, आणि शेवटी तिसऱ्या मजल्याची कमान. चाचा पंपाला चिकटून होते. त्यांची थट्टा बंद झाली होती. भाऊ काम करत होते, कोणी दिलेले प्रत्येक काम करत होते, पण संध्याकाळी बांधाकडे जात नव्हते.

पाहुणे आले ते हेल्मेट आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घालून. मामांनी त्यांच्यासमोर आपल्या चपला काढून रांगेत ठेवल्या, तेव्हा ते जरा बुचकळ्यात पडले. आम्ही खाली उतरलो. तिसऱ्या मजल्यावर घोट्याएवढा गाळ होता आणि हवा जड होती. टोकाच्या भिंतीत गारगोटीची पांढरी शीर तिरपी गेली होती. पाहुण्यांपैकी एकाने दिवा फिरवला आणि थांबवला. पांढऱ्यात एक पिवळा ठिपका होता, तांदळाच्या कणीएवढा, आणि त्याच्या शेजारी आणखी बारीक दोन-तीन.

मी माझा दिवा हलवून बाजूबाजूने पाहिले. खोटे सोने असले की दिवा हलताच त्याची चमक विझते. ही विझत नव्हती. "मामा," मी म्हणाले, "खरे आहे."

मामांच्या खिशात कसोटीचा दगड होता. तो ते घरातून निघताना नेहमी घेत. त्यांनी तो काढला नाही. ते भिंतीजवळ गेले आणि बोटाचे टोक त्या ठिपक्यावर ठेवले, आणि तसेच उभे राहिले. त्यांच्या तळहातावर कुदळीचे फोड होते. मला त्यांचा चेहरा पाहायचा होता, पण मी माझा दिवा खाली केला.

वर आल्यावर चहा घेताना पाहुण्यांतले ज्येष्ठ इंजिनीअर सौजन्याने बोलले. शीर चांगली आहे, असे ते म्हणाले. तुमच्या माणसांनी केलेले काम अवघड होते, असेही म्हणाले. "पण ही खाण पाण्याचीच आहे. आता उन्हाळ्यात एवढे पंप लागतात. पावसाळ्यात याच्या कितीतरी पट लागतील, आणि ते कधीच बंद करता येणार नाहीत. जे सोने निघेल ते पंपच खातील. इंग्रज याचसाठी सोडून गेले असावेत. आमचा सल्ला विचाराल तर, इथेच थांबा." त्यांनी मामांचा हात हातात घेतला तेव्हा मामा किंचित कळवळले, फोडांमुळे.

पंप काढले त्या दिवशी आम्ही सगळे तोंडाशी उभे होतो. पाणी घाईने आले नाही. आधी तिसऱ्या मजल्याची कमान काळी झाली, मग दिसेनाशी झाली. चाचा पाइप सोडवत म्हणाले, "चला, ज्याचं होतं त्यानं नेलं." चपलांच्या रांगेतून आपापली जोडी उचलून माणसे ट्रककडे गेली.

त्या वर्षी तिकडे पाऊस उशिरा आला असे नंतर कळले. पाड्यातल्या लोकांनी हातपंपावर दिवस काढले. वाफे परत कोणी केले नाहीत. करायला पाणी नव्हते.

कंपनी त्याच पावसाळ्यात बंद झाली. माडीवरचा नकाशा बरीच वर्षे भिंतीवर होता, मामीने त्यामागे विजेची बिले खोचायला सुरुवात केली. ती कधी बोलून दाखवत नसे, फक्त नळाला पाणी आले की हाक मारी, "या हो उपसाले," आणि मामा मुकाट्याने बादल्या भरायला उठत. चाचा अचलपूरला परत जाऊन जळालेल्या मोटारींना तार भरू लागले. भाऊ मला एकदा तिवशाच्या बसथांब्यावर भेटले. ते नागपूरला नव्या इमारतींवर कामाला जात होते, गिलाव्यावर पाणी मारायचे काम. "दिवसभर भिंतीले पानी पाजतो, ताई," ते म्हणाले. "भिंतीले काय, कितीबी पाजा." मग बस आली. मामांबद्दल त्यांनी विचारले, पण तब्येतीपुरतेच.

मामा पुन्हा पेढीवर बसू लागले. बाया येतच होत्या, रस्त्याकडे पाठ करून उभ्या राहत होत्या, आणि मामा पारडी पुसत होते. शेवटच्या आजारात मी त्यांच्याजवळ काही दिवस राहिले होते. एका सकाळी मी त्यांना चहा पाजत असताना ते एकदम म्हणाले, "बाई, तू शिकलेली हायेस, मले एक सांग. मी म्हनलं होतं, कोनाच्या अंगावरचं नाही असं सोनं मले पाहाचं हाये. पाह्यलं. बोट लावलं. मंग डोळे मिटले का मले ते सोनं काहून दिसत नाही? ते वांगेच दिसते, फूल धरलेले. त्या म्हातारीच्या अंगावरून मी काही उतरवलं का व?"

मी बशी खाली ठेवली. मला उत्तर यायला हवे होते. बांध ठेवला असता तरी पंप थांबल्यावर तलाव खालून गळून रिकामा झालाच असता, हे मला माहीत होते, आणि ते खरेही होते. पण वांगी तोवर निघाली असती, हेही खरे होते. आणि बांध राहिला असता तर मामांनी तो ठिपका कधी पाहिला नसता. मी यातले काहीच बोलले नाही. शेवटी तेच म्हणाले, "चहा दे."

त्यांना द्यायचे उत्तर मी अजून शोधते आहे. म्हणून वाचकांनाच विचारते. त्या दिवशी तुम्ही त्या बांधावर असता, कुदळ तुमच्या हातात असती आणि ती म्हातारी समोर उभी असती, तर तुम्ही तो बांध फोडला असता का?